लॅक्रॉसच्या काठीचं हेड कसं निवडावं? अमेरिकेतल्या मराठी आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत, फेकत गोल करायचा खेळ. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी तो पाहिलेलाही नसतो. न्यू जर्सी, मेरीलँड किंवा व्हर्जिनियात राहायला आल्यावर मुलगा पाचवीत एक दिवस शाळेतून कागद घेऊन येतो, आणि पुढच्या शनिवारी आपण खेळाच्या दुकानात भिंतभर टांगलेल्या प्लास्टिकच्या सांगाड्यांसमोर उभे असतो. गावातल्या क्लबच्या साहित्याची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे दर हंगामात हेच प्रश्न येतात. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवतो.

हेड म्हणजे काठीचा नेमका कुठला भाग?

दांडा म्हणजे शाफ्ट. त्याच्या टोकाला एकाच स्क्रूने बसवलेला प्लास्टिकचा सांगाडा म्हणजे हेड, आणि त्यात विणलेली जाळी म्हणजे पॉकेट. हेडच्या दोन्ही बाजूंच्या भिंती म्हणजे साइडवॉल. जमिनीवरचा चेंडू उचलायला वापरतात ती वरची कड म्हणजे स्कूप. शाफ्टजवळच्या निमुळत्या भागाला थ्रोट म्हणतात. एवढे सहा शब्द माहीत असले की दुकानदाराचं बोलणं कळतं.

सगळ्यात महाग हेड सगळ्यात जास्त टिकतं, बरोबर?

नाही. जाळी नसलेलं नुसतं हेड साधारण ६० ते १२० डॉलरला मिळतं. या पट्ट्यात वर जाताना आपण बरेचदा जास्त पैसे मोजतो ते वजन कमी व्हावं म्हणून, किंवा एखाद्या ठरावीक जागेवर खेळणाऱ्यासाठी घडवलेल्या आकाराचे. हलकं हेड म्हणजे कमी प्लास्टिक. कमी प्लास्टिक असलेली वस्तू जास्त मार खाईल ही अपेक्षा कशी ठेवायची? बारावीत, कॉलेजच्या निवडीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलाला १२० डॉलरचं हेड द्या, काही हरकत नाही. पाचवीतल्या मुलाला मात्र ४० ते ८० डॉलरची तयार, पूर्ण काठी पुरते. तो पहिल्या वर्षी हेडपेक्षा चेंडूच जास्त वेळा हरवणार आहे.

मग कडक हेड घ्यावं का? कडक म्हणजेच मजबूत ना?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. कडकपणा आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जवळपास सगळी आधुनिक हेडं नायलॉनच्या कुठल्या ना कुठल्या मिश्रणाची असतात. मिश्रण कडक असेल तर फटका बसल्यावर हेड वाकत नाही, त्यामुळे पासची दिशा नेमकी राहते आणि समोरच्याच्या काठीवर मारलेला फटका जोरात लागतो. पण जो पदार्थ वाकत नाही तो सगळा ताण एका जागी झेलतो आणि एक दिवस तडकतो. लवचीक हेड वाकून ताण पसरवतं, म्हणून पटकन तुटत नाही. त्याचं दुखणं वेगळं असतं: दोन-तीन महिन्यांत त्याचा आकार बिघडतो, ते वरून आवळल्यासारखं अरुंद होतं किंवा एका बाजूला कलतं.

म्हणजे प्रश्न असा विचारायला हवा, की आपल्या मुलाचं हेड तुटण्याची शक्यता जास्त आहे की वाकडं होण्याची? ते तो कुठे खेळतो यावर ठरतं.

डिफेन्सच्या मुलांना कडक हेडच हवं. त्यांची काठी लांब असते, ५२ ते ७२ इंच, आणि एवढ्या लांब दांड्याच्या टोकाला बसणारा धक्का मोठा असतो. शिवाय त्यांचं कामच समोरच्याच्या हातावर आणि काठीवर फटके मारायचं. अशा वेळी लवचीक हेड ओल्या छडीसारखं लपलपतं. मिडफिल्डच्या मुलांना सगळंच करावं लागतं, जमिनीवरचे चेंडू उचलण्यापासून धावत जाऊन गोल मारण्यापर्यंत. त्यांना मध्यम कडक, जरा जाड साइडवॉलचं हेड बरं. अटॅकच्या मुलांना चेंडू पकडून ठेवायचा, चकवायचा, नेम धरून मारायचा असतो. त्यांच्यासाठी हलकं आणि थोडं अरुंद हेड योग्य, आणि तुटलंच तर ते बहुतेकदा दुसऱ्या कुणाच्या तरी फटक्याने तुटतं.

जागा अजून ठरली नसेल तर मिडफिल्डचं हेड घ्या. शंका असेल तिथे थोडं जड हेड निवडा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानातला तरुण विक्रेता याच्या उलट सांगेल.

वजनात असा कितीसा फरक असतो?

हलकी हेडं १२०-१३० ग्रॅमच्या आसपास, डिफेन्सची १५० ग्रॅमच्या आसपास. वीस-तीस ग्रॅम ऐकायला काहीच नाहीत. पण हे वजन हातापासून सर्वांत दूर, दांड्याच्या टोकाला असतं, म्हणून तासभर खेळल्यावर मनगटाला ते जाणवतं. दहा वर्षांच्या मुलाला जास्त, सतरा वर्षांच्याला अगदी कमी.

ऑफसेट म्हणजे काय? ते हवंच का?

काठी बाजूने धरून पाहिली तर हेड दांड्याच्या सरळ रेषेत नसून थोडं मागे झुकलेलं दिसतं. तो ऑफसेट. त्यामुळे चेंडू दांड्याच्या रेषेखाली बसतो आणि हातात धरून पळताना सहज सुटत नाही. आजची जवळपास सगळी हेडं कमी-अधिक ऑफसेटची असल्यामुळे नवख्या पालकांनी यावर डोकं शिणवू नये. स्कूपकडे मात्र लक्ष द्या. वरची कड सपाट असेल तर उभ्या मुलाला चेंडू उचलायला सोपं जातं. कड गोलाकार असेल तर खाली वाकावं लागतं, पण चेंडू मधोमध येतो. लहान मुलं कंबरेत वाकायचा कंटाळा करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

थंडीत हेड जास्त तुटतात हे खरं का?

खरं आहे, आणि त्याला कारण आहे.

नायलॉन थंडीत ठिसूळ होतं. हंगाम सुरू होतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा ईशान्येकडे संध्याकाळी तापमान शून्याच्या आसपास घुटमळत असतं. काठी रात्रभर गाडीच्या डिकीत राहिलेली असते. पोराने मैदानावर पाऊल ठेवल्या ठेवल्या पहिल्याच कवायतीत गोठलेल्या जमिनीवर स्कूप आपटला की काम झालं. आमच्याकडे तुटून येणाऱ्या हेडांतली बरीचशी वसंताच्या पहिल्या पंधरवड्यातली असतात.

दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. नायलॉन हवेतला ओलावा शोषून घेतं आणि त्या ओलाव्यानेच त्याला चिवटपणा येतो. साच्यातून नुकतंच निघालेलं, पिशवीत बंद असलेलं हेड कोरडं असतं, म्हणून ते जास्त कडक आणि जास्त ठिसूळ असतं. हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरातली हवाही कोरडीच. कोलोरॅडो किंवा ॲरिझोनात राहणाऱ्यांना तर हे वर्षभर लागू आहे. तेव्हा ख्रिसमसला आणलेलं हेड पिशवीतून लगेच बाहेर काढा, जाळी बांधून घ्या, आणि मार्च उजाडण्याआधी हलक्या पासांनी वापरात आणा.

उन्हाळ्यातला त्रास उलटा. जुलैत बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेलं हेड मऊ पडतं, आणि त्यावर हेल्मेट-पॅडची बॅग पडलेली असेल तर ते त्याच आकारात थंड होऊन बसतं. काठी घरात ठेवायची, हेड वर आणि दांडा खाली. हेडवर काठी टेकवून उभी करायची नाही.

हेड तुटायला आलंय हे आधी कळतं का?

बहुतेक वेळा कळतं, कुणी पाहत नाही एवढंच. तीन जागा बघा. पहिली, स्क्रूचं भोक आणि त्याच्या आसपासचा थ्रोट. तिथे आधी पांढरट रेष उमटते. रंगीत हेडवर ती खडूने ओढल्यासारखी दिसते, पांढऱ्या हेडवर नखाने चाचपावी लागते. दुसरी, साइडवॉलची खालची पट्टी, जिथे ती थ्रोटला मिळते. तिसरी, स्कूपचे दोन कोपरे. स्कूपच्या खालच्या बाजूला घासून आलेले ओरखडे चालतात, ते वापराचे आहेत. दोन्ही अंगठ्यांनी साइडवॉल हलकेच बाहेर दाबल्यावर रेष उघडत असेल, तर ते हेड सामन्यात वापरू नये. तुटलेलं नायलॉन धारदार असतं, आणि समोरच्याचा हात फार लांब नसतो.

हेड शाफ्टवर खडखडत असेल तर आधी स्क्रू आवळा. तरी हलत असेल तर शाफ्टच्या टोकाला इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा द्या. हा खडखडाट नुसता कानाला त्रास देत नाही, प्रत्येक धक्का स्क्रूच्या भोकावरच जातो.

नियमात बसतं का, हे कसं ओळखायचं?

कॉलेजच्या नियमांप्रमाणे हेड सर्वांत रुंद जागी निदान ६ इंच आणि जास्तीत जास्त १० इंच असावं लागतं. गोलीचं, म्हणजे गोलरक्षकाचं, १० ते १२ इंच. वेष्टनावर 'युनिव्हर्सल' लिहिलेलं असेल तर ते शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे चालतं, म्हणून तेच घ्या. पण विकत घेताना नियमात असलेलं हेड हंगामाच्या शेवटी नियमात असेलच असं नाही. लवचीक हेड आवळून अरुंद होतं हे वर सांगितलंच. महिन्यातून एकदा फूटपट्टी लावा.

पॉकेटची खोलीही तपासतात. मुलग्यांच्या खेळात पंच काठी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरतो. जाळीतला चेंडू साइडवॉलच्या खालच्या कडेखाली पूर्ण दिसला तर पॉकेट बेकायदेशीर. जाळी ओली झाली की ताणते आणि खोल जाते. सामना पावसात असेल तर मध्यंतरात एकदा पाहून घ्यायला सांगा. शूटिंग स्ट्रिंग म्हणून वरच्या भागात ज्या आडव्या दोऱ्या असतात, त्या स्कूपपासून ४ इंचांच्या आतच असाव्या लागतात. ऑनलाइन व्हिडिओ पाहून पोरं हौसेने जास्त दोऱ्या ओवतात आणि मग सामन्याच्या सकाळी कात्री शोधत फिरतात.

चांगलं हेड घेतलं तरी चेंडू हातात राहत नाही. हेड बदलू का?

थांबा. दहापैकी आठ वेळा दोष हेडचा नसून पॉकेटचा असतो. दुकानातून तयार मिळणाऱ्या स्वस्त काठीची जाळी घाईत बांधलेली असते. एक बाजू घट्ट, एक सैल, पॉकेट कुठल्या कुठे. त्यात चेंडू डावीकडे जातो आणि मुलाला वाटतं आपल्याला जमतच नाही.

माझा सल्ला: बजेट १२० डॉलर असेल तर ७०-८० चं हेड घ्या आणि उरलेले पैसे चांगली मेश जाळी आणि ती नीट बांधून देणारा माणूस यावर घाला. शाळेच्या वरच्या वर्गात असा एखादा पोरगा असतोच जो खिशात दोऱ्याचं रीळ घेऊन फिरतो. तो दुकानापेक्षा बरं बांधतो आणि पैसेही कमी घेतो. मेणाचा थर दिलेली जाळी पावसात फारशी ढिली पडत नाही. साधी मऊ जाळी लवकर तयार होते, पण सतत सांभाळावी लागते.

क्रिकेटची नवी बॅट आधी ठोकून तयार करतात, तसं नवं पॉकेटही आधी तयार करावं लागतं. चेंडू जाळीत दाबून ठेवायचा, भिंतीवर मारून झेलायचा, रोज पंधरा-वीस मिनिटं. सामन्याच्या आदल्या रात्री बांधलेली जाळी घेऊन मैदानात उतरू नये.

मुलीच्या काठीला हेच सगळं लागू आहे का?

नाही. मुलींचा खेळ बराच वेगळा आहे. त्यात शरीराला धक्के देता येत नाहीत आणि काठीवर काठी मारण्यावरही कडक बंधनं आहेत, त्यामुळे हेड तुटण्याचं प्रमाण कमी असतं. पॉकेट उथळ ठेवावं लागतं: चेंडूचा वरचा भाग साइडवॉलच्या वरच्या कडेच्या वर दिसला पाहिजे. म्हणून मुलींच्या हेडमध्ये टिकाऊपणापेक्षा चेंडू धरून ठेवणारा आकार आणि जाळीची बांधणी जास्त महत्त्वाची. भावाची जुनी काठी बहिणीला, असा काटकसरीचा मोह इथे चालत नाही. सरावाला घरामागच्या अंगणात चालेल, सामन्यात पंच बाहेर काढेल.

गोलीचं हेड?

रुंद, जड, कडक. पॉकेटच्या खोलीवर मुलांच्या खेळात गोलीला बंधन नाही. क्लबकडे असतं, आधी तेच वापरून पाहा.

मुलगा फेसऑफ घेतो. त्याची हेडं महिन्याला एक जातात!

जाणारच. फेसऑफ म्हणजे खेळ सुरू करताना चेंडू मिळवण्यासाठीची झटापट. त्यात दोन्ही संघांचे एकेक असे दोघे चेंडूच्या दोन बाजूंना हेड उभं ठेवून शिट्टी होताच चेंडू दाबून ओढतात. हेडची पाठ चेंडूवर दाबली जाते, प्लास्टिक वाकतं आणि चेंडू पकडतं. यासाठी मुद्दाम लवचीक बनवलेली हेडं मिळतात आणि ती आकार सोडण्यासाठीच जन्माला आलेली असतात. २०२१ पासून अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळात गुडघा टेकवून फेसऑफ घेता येत नाही, दोघांनीही उभं राहूनच घ्यायचा असतो.

उपाय दोन. एक, फेसऑफचं हेड फक्त फेसऑफच्या सरावाला आणि सामन्याला वापरायचं, बाकी सरावाला दुसरी काठी. दोन, हेड वाकडं झालं की लगेच टाकू नका, दोन-तीन दिवस विश्रांती दिली की थोडं परत येतं. त्यापुढचा खर्च हा या जागेचा खर्चच आहे, तो धरून चाला.

ओव्हनमध्ये घालून हेड अरुंद करतात म्हणे. करावं का?

पोरं करतात. हेड तापवून मऊ करायचं, दोरीने आवळायचं, थंड पाण्यात बुडवायचं. माझ्या मते करू नये. तापमानावर नियंत्रण नसेल तर प्लास्टिक एका बाजूला जास्त मऊ होतं, रुंदी नियमाच्या खाली जाते, आणि कंपनीची हमी त्याच क्षणी संपते. हेड रंगवायला गरम पाण्यात बुडवतात, त्यातही आकार हलू शकतो. रंगवायचंच असेल तर साइडवॉलच्या मध्ये योग्य मापाचा लाकडी ठोकळा अडकवा आणि पाणी उकळतं नको. आणि हो, ते पातेलं परत स्वयंपाकाला घेऊ नका.

वापरलेलं हेड घ्यावं का? ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळणारं नवं?

क्लबमधल्या ओळखीच्या मुलाचं हात लावून पाहिलेलं हेड जरूर घ्या. वर सांगितलेल्या तीन जागा तपासा, रुंदी मोजा, जाळी नव्याने बांधा. वापराने ओलावा पिऊन चिवट झालेलं, पण आकार न सोडलेलं कडक हेड ही खरोखर चांगली खरेदी असते. अनोळखी विक्रेत्याचं नामांकित कंपनीच्या नावाचं 'नवं' हेड मात्र जपून. नकला असतात, आणि त्यांचं नायलॉन कसलं आहे हे पहिल्या थंडीत कळतं.

एक महाग घ्यावं की दोन मध्यम?

दोन मध्यम. एकाच कंपनीची, एकाच आकाराची, एकाच माणसाने बांधलेली. सामन्यात हेड तडकलं तर मुलाने दुसरी काठी उचलून त्याच हाताने तसाच पास द्यायला हवा.

आधी काठ्या लाकडी होत्या ना? त्या जास्त टिकत नव्हत्या का?

हा खेळ मुळात हौदेनोशोनी आणि उत्तर अमेरिकेतल्या इतर मूळ रहिवाशांचा. हिकरीचं लाकूड वाफवून वाकवायचं, महिनोन्महिने वाळवायचं, मग चामड्याच्या दोऱ्या विणायच्या. चांगली हिकरीची काठी टिकायला भक्कम असते यात वाद नाही, पण जड असते, एकीसारखी दुसरी नसते, आणि बनवायला वेळ लागतो. बाल्टिमोरच्या एसटीएक्स कंपनीने १९७० च्या सुमारास प्लास्टिकची हेडं बाजारात आणली आणि खेळ झपाट्याने पसरला. हलकं आणि दोन्ही बाजूंनी सारखं हेड मिळाल्यामुळे डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी खेळणं सोपं झालं. लाकडी काठ्या आजही बनतात, आणि हौदेनोशोनींसाठी ती नुसती क्रीडावस्तू नाही. पण शाळेच्या सामन्यासाठी ती सुचवणार नाही.

ऑलिम्पिकमध्ये लॅक्रॉस येतोय. त्यासाठी वेगळं हेड लागेल का?

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ येतोय. तो निर्णय झाला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात, क्रिकेटच्या सोबतीनेच. याआधी १९०४ आणि १९०८ मध्ये पदकं दिली गेली होती.

तिथे खेळला जाणारा प्रकार सिक्सेस आहे: सहा-सहा खेळाडू, छोटं मैदान, ३० सेकंदांचं शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात गोलवर चेंडू मारायलाच हवा. यात डिफेन्सच्या लांब काठ्या नाहीत आणि प्रत्येक गोलनंतर फेसऑफही नाही, गोली चेंडू बाहेर काढून खेळ सुरू करतो. म्हणजे फेसऑफसाठीच्या लवचीक हेडला तिथे जवळपास कामच उरत नाही, आणि प्रत्येकाला अटॅकही करावा लागतो, बचावही. मध्यम कडक, सर्व कामांना चालणारं हेड हवं. तुमच्याकडे मिडफिल्डचं आहे ते चालेल.

उन्हाळ्यात भारतात जातोय, काठी न्यावी का?

न्या, सराव तुटत नाही. अख्खी काठी विमानाच्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, ती चेक-इनच्या सामानात टाका. स्क्रू काढून हेड वेगळं केलं की आखूड शाफ्ट ३० इंचांचा असतो, मोठ्या बॅगेत तिरका बसतो. हेड कपड्यांच्या मधोमध, साइडवॉल दबणार नाहीत असं ठेवा, आत दोन मोजे कोंबा. स्क्रू छोट्या पिशवीत घालून शाफ्टला टेपने चिकटवा, तो पुण्यात किंवा नाशकात सहजासहजी मिळणार नाही. चेंडू चार-पाच जास्त न्या. सोसायटीच्या भिंतीवर मारायचे असतील तर आधी तळमजल्यावरच्या काकूंना विचारा.